काकू, वायर घ्या!

नाही नाही, वायर वाईट असं मी म्हणतच नाही! कोण म्हणालं? वायर चांगलीच असते. वायरीतून नेट येतं ते कसं, नळातून पाणी यावं तसं सरळ येतं, आणि वायरलेसचं नेट म्हणजे वाऱ्यावर सोडलेलं, आलं तर आलं, नाहीतर भिंतीवर डोकं आपटून परत गेलं... हे सगळं मला आता पाठ आहे. झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगेन! ऑनलाइन गेम खेळायला वायर बरी की वायरलेस बरं, या विषयावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली ना, तेवढी आमचं लग्न ठरवायला दोन्हीकडची माणसं बसली होती तेव्हाही झाली नव्हती. तिथे कसं, चहा संपायच्या आत उरकलं. मुलगी काय करते? बस डेपोच्या कंट्रोल रूममध्ये असते. मुलगा काय करतो? छापखान्यात प्रुफं तपासतो. बोलतो का? फारसा नाही. मग चालेल! झालं, संपलं. आणि इथे एका वायरीसाठी महिनाभर घर डोक्यावर...

पण मी काही बोललो? नाही बोललो!

आता तुम्ही विचाराल, काका, तुमच्या घरात गेम खेळतं कोण? नातू असेल. नातू नाही. मुलगा असेल. मुलगाही नाही, एकच मुलगी आहे आणि ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. मग कोण? अहो, आमची ही! बायको! तुम्हाला सांगतो, ज्या बाईनं उभं आयुष्य माइकसमोर बसून 'सात नंबरची गाडी मागे घ्या, अकरा नंबरवाले, झोपलात का, गाडी काढा' असं ओरडण्यात काढलं, ती बाई एक दिवस निवृत्त होऊन घरी आली. घरी कोणाला मागे घेणार? मी तर आधीपासूनच मागे! पहिले काही दिवस तिनं कपाटं आवरली. मग आवरलेली कपाटं परत आवरली. मग खिडकीत उभी राहून खालून जाणाऱ्या गाड्यांना पुटपुटत रस्ता दाखवायला लागली. मी छापखान्यातून आधीच सुटलो होतो, मला घरात गप्प बसायची सवय होती, पण ही... भरलेल्या डेपोतून उठून रिकाम्या हॉलमध्ये आलेली बाई. तिला काय वाटत असेल ते मला समजत होतं, पण समजलेलं बोलून दाखवायचं म्हणजे... ते माझं खातंच नव्हे.

मग मुलगी सुट्टीत आली, तिचा जुना लॅपटॉप ठेवून गेली आणि त्यात हा गेम घालून गेली. 'आई, खेळून बघ, वेळ जाईल.' वेळ? वेळ गेला, संध्याकाळ गेली, घरातली शांतता गेली, सगळंच गेलं!

गेम काय आहे सांगतो. पाच जणांची एक टोळी एका उजाड गावात उतरते. समोरून दुसरे पाच जण येतात. मध्ये एक बुरूज असतो. शेवटी तो ज्यांच्या ताब्यात राहील ते जिंकले. मी हिला विचारलं, त्या बुरुजात असतं काय? म्हणाली, काही नाही, रिकामा असतो. मग भांडता कशाला? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जसं काही मीच रिकामा... जाऊ दे.

आणि हिची टोळी! एक डॉक्टर. तो डॉक्टर नाही, टायरच्या दुकानात असतो, पण गेममध्ये नाव डॉक्टर. एक पेंग्विन. एक झाकण. आणि झाकणची बहीण. ही सगळी कुठल्या कुठल्या गावची पोरं, कोणी कोणाला कधी पाहिलेलं नाही, आणि या सगळ्यांची कप्तान आमची ही! नाव काय? काकू. सुरुवातीला ती पोरं हसली म्हणे, काकू काय खेळणार! पण काकूंनी तोंड उघडलं मात्र... 'झाकण, भिंतीमागून काढ! पेंग्विन, उजवीकडे वळ, वळ म्हणते ना! डॉक्टर, रस्ता अडवून उभा राहू नकोस, बाजूला हो!' तोच आवाज हो! तोच डेपोतला आवाज! अहो, पोरं सुतासारखी सरळ झाली. मी पेपर बाजूला ठेवून बघत राहिलो. कपाटं आवरणारी बाई गेली आणि माझी जुनी बायको परत आली... फक्त मी सोडून सगळ्यांशी बोलणारी.

आता मुख्य मुद्दा. आमचा राउटर, म्हणजे तो दोन शिंगांचा डबा, तो दारापाशी चपलांच्या कपाटावर. त्याची रेंज हॉल संपला की संपते. आतल्या खोलीत जा, नेट नाही. गॅलरीत जा, नेट नाही. म्हणजे हिनं बसायचं कुठे? हॉलमध्ये. सोफ्यावर. आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण? मी! पेपर घेऊन, हातात पेन्सिल घेऊन. सवय जात नाही हो, पेपर वाचताना चुका दिसतातच, कुठे वेलांटी पहिलीची दुसरी, कुठे अनुस्वार खाल्लेला, मी आपला खुणा करत बसतो. आणि शेजारी लढाई! हेडफोन हिला टोचायचा, म्हणून स्पीकरवर. गोळ्या, स्फोट, पोरांच्या किंकाळ्या... आणि ऐन धुमश्चक्रीत ही काय करायची, हात लांब करून माझं मनगट घट्ट धरायची. घट्ट! पेन्सिल हलायची, पेपरावर रेघा. सोडायची कधी? बुरूज मिळाला की. नखं उमटलेली असायची. बिस्किट घेतलं की अर्धं माझ्या बाजूला सरकवायची, न बघता, डोळे पडद्यावर. 'अहो बघा बघा, तो झुडपात लपलाय!' मला कुठला दिसतोय? पण मी आपलं, हो, दिसला. मग ती खूश.

त्रास होता. नाही असं नाही! वाचायला मिळत नव्हतं, बातम्या ऐकू येत नव्हत्या, मनगटाला तेल लावावं लागायचं. पण मी काही बोललो? नाही बोललो!

आणि मग ती मॅच आली. कसलीशी स्पर्धा होती, त्यातली उपांत्य फेरी. सकाळपासून हिचं लक्ष ठिकाणावर नाही. संध्याकाळी सगळे जमले, खेळ सुरू झाला, बुरूज यांच्या हातात, थोडाच वेळ राहिला होता आणि मला वाटलं, हिचा घसा सुकला असेल, जरा दूध गरम करून द्यावं. चांगलाच विचार होता ना? तुम्हीच सांगा! मी उठलो, ओट्यावरच्या मायक्रोवेव्हमध्ये कप ठेवला, बटण दाबलं, झूंऽऽ... आणि इकडे हिची किंकाळी! 'अहो! हे काय झालं? हलतच नाहीये!' धावत गेलो. पडद्यावर हिचा शिपाई भिंतीला नाक लावून धावतोय. भिंत हटत नाही, हा थांबत नाही. मागून समोरच्या टोळीतला एक जण आला, सावकाश, अगदी फेरफटका मारत आल्यासारखा, आणि... धाड! हिचा शिपाई आडवा, बुरूज गेला, स्पर्धा गेली. मायक्रोवेव्ह म्हणतो, टिंग!

मायक्रोवेव्ह चालू असला की वायरलेसचं नेट गडबडतं, हे मला काय माहीत? मला कोणी सांगितलं होतं? त्यावर लिहिलेलं असतं का, 'पत्नी उपांत्य फेरीत असताना वापरू नये'?

स्पीकरमधून त्या पोरांचे आवाज. झाकण रडवेला झालेला. पेंग्विन म्हणतोय, 'काकू, किती वेळा सांगितलं, वायर घ्या!' डॉक्टर म्हणतोय, 'काकू, वायरलेसवर कोणी स्पर्धा खेळतं का? वायर घ्या!' झाकणची बहीण म्हणतेय, 'काकू, पिंग बघा तुमचा, पिंग!' हा पिंग म्हणजे काय, तर आपण इकडे बटण दाबलं की तिकडे पोचायला जो वेळ लागतो तो. जितका कमी तितका चांगला. मी मनात म्हटलं, आमच्या संसाराचा पिंग मोजायला गेलं तर यंत्र जळेल. मी एखादी गोष्ट सांगायची ठरवतो आणि ती हिच्यापर्यंत पोचेस्तोवर मुलगी शाळेत जाऊन कॉलेजातून बाहेर पडलेली असते!

ही मला काही बोलली नाही. तेच वाईट. शांतपणे ते दूध घेतलं, प्यायली आणि कप विसळून ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग सुरू झाली ती चर्चा! मुलगी फोनवर, फोन स्पीकरवर. 'बाबा, वायर टाका. वायरीत अडथळा येत नाही.' मी म्हटलं, अगं, नवीन रंग दिलाय भिंतींना, भोकं पाडायची का? 'बाबा, भोकं बुजवता येतात.' मी म्हटलं, वायरलेस कसं मोकळं असतं, कुठेही बसता येतं. 'कुठेही कुठे? फक्त सोफ्यावर बसता येतं!' आता तिला काय सांगणार की सोफाच तर... राहिलं. मी म्हटलं, राउटरची जागा बदलून बघू. झालं! मग तो डबा टीव्हीवर ठेवला, तिथे जमेना. कपाटावर ठेवला, जमेना. खिडकीत ठेवला, त्यावर कबुतर बसलं. शेवटी ही म्हणाली, 'जरा हातात धरा बघू... वर... अजून वर... डावीकडे... हां! तिथेच थांबा!' मी म्हटलं, किती वेळ? 'मॅच संपेपर्यंत!'

उभा राहिलो! दोन्ही हात वर, हातात राउटर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. खांदे भरून आले, कान खाजत होता, खाजवणार कशानं? पण काय सांगू तुम्हाला, ती मॅच हे लोक जिंकले. आणि ही वळली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुमच्यामुळे!' इतक्या वर्षांत... नाही, म्हणजे 'तुमच्यामुळे' हा शब्द मी तिच्या तोंडून पुष्कळदा ऐकलाय. 'तुमच्यामुळे गाडी चुकली, तुमच्यामुळे दूध उतू गेलं.' पण या सुरात? पहिल्यांदा! मी रोज उभा राहिलो असतो हो. खरंच सांगतो. खांदे निखळेपर्यंत.

पण दुसऱ्या दिवशी जिन्यावर माझी पाठ धरली आणि ही म्हणाली, 'हे असं किती दिवस चालायचं? वायर आणू या.'

आधी बाजारातून लांबलचक वायर आणली. निळी. राउटरपासून सोफ्यापर्यंत, हॉलमधून सरळ, जमिनीवरून. नेट काय सुरेख! दोन दिवस सुखाचे. तिसऱ्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन निघालो, पाय अडकला, ट्रे पुढे, मी मागे, लॅपटॉप सोफ्यावरून खाली आणि चहा... चहा कुठे गेला ते रंगारी नंतर दाखवत होता. गुडघा फुटला माझा! ही धावत आली, 'लागलं का हो?' म्हणाली. आधी मला विचारलं, मग लॅपटॉपकडे गेली. मी नोंद घेतली, आधी मला!

मग मात्र तिनं मनावर घेतलं. स्वतःसाठी मोठा कंप्युटर आणला, टेबलावर ठेवायचा, खोक्यात दिवे लागणारा. म्हणाली, आयुष्यभर सरकारी खुर्चीत बसले, आता माझ्या हौसेच्या खुर्चीत बसणार. बरोबरच होतं तिचं! आणि वायरवाल्याला बोलावलं. तो आला, शिडी, ड्रिल मशीन, कानामागे पेन्सिल. ही तेव्हा फोनवर डॉक्टरशी बोलत होती. तो मलाच म्हणाला, 'काका, टेबल कुठे येणार? इथे सोफ्यापाशी आणू वायर भिंतीच्या कडेनं, की आतल्या खोलीत काढू? आत निवांत होईल बघा. दार लावता येतं.'

दार लावता येतं! मी त्या माणसाकडे बघत राहिलो. इथे आणा, एवढंच तर म्हणायचं होतं. दोन शब्द! छापायला दिले तर अर्धी ओळसुद्धा भरणार नाही. आणि मी काय म्हणालो? 'तिला विचारा.' तिला विचारलं. ती म्हणाली, 'आत काढा, यांना माझ्या आरडाओरड्याचा त्रास होतो.'

मला त्रास होतो! माझ्यासाठी आत चालली! आणि मी काही बोललो? नाही बोललो! ड्रिल मशीन सुरू झालं होतं, घर्रर्र... मी बोललो असतो तरी ऐकू आलं नसतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं.

मग काय. शांतता! अहो, काय शांतता! पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून व्हायचा. जाहिरातींतल्या चुकाही काढून झाल्या. बातम्या स्पष्ट ऐकू यायला लागल्या आणि त्या ऐकण्यासारख्या नसतात हे कळलं. मनगट ठणठणीत! बिस्किट अख्खं मला! सोफा अख्खा मला! एवढा मोठा सोफा घेतलाच कशाला होता, कोण जाणे. आतून दाराआडून बारीक आवाज यायचा, '...उजवीकडे... काढ काढ...' मग एकदम हसणं. सगळ्यांचं मिळून हसणं. मी इकडे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकायचो, कशाला हसले असतील? चहा घेऊन आत जायचो, तर ती डोळे न हलवता हातानं खूण करायची, ठेवा तिथे. मी ठेवायचो. थोडा वेळ उभा राहायचो. पडद्यावर बघायचो. म्हणायचो, 'तो झुडपात...' 'शू!' बाहेर यायचो.

एकदा चपला काढताना समोर तो राउटर, आणि त्यातून निघून आतल्या खोलीत गेलेली ती निळी वायर. नुसती खोचलेली असते हो ती, ओढली की सुटते. मी बघत उभा राहिलो. ओढली का? नाही ओढली. पुसून ठेवली. धूळ बसली होती.

आणि मग झाकणच्या बहिणीला नवी नोकरी लागली. संध्याकाळची. ती गेली टोळीतून. पाचवा माणूस पाहिजे! नव्या स्पर्धेला नाव दिलेलं, माणूस मिळेना. मुलगी फोनवरून म्हणाली, 'आई, बाबांना घे ना! जुना लॅपटॉप पडलाय तसाच.' ही हसली. मग माझ्याकडे बघितलं. मग हसायची थांबली. 'खेळाल?' मी म्हटलं, 'बघतो.' आतून उड्या मारत होतो, पण म्हटलं, बघतो.

तर मी हॉलमध्ये, सोफ्यावर, लॅपटॉप मांडीवर, वायरलेसवर. ही आत, टेबलापाशी, वायरीवर. मध्ये भिंत. माझं गेममधलं नाव, काका. आणि माझं काम काय? बंदूक दिली नाही मला. औषधांची पिशवी! कप्तानाच्या मागे मागे पिशवी घेऊन हिंडायचं आणि कोणाला लागलं तर पट्टी बांधायची. पोरं म्हणाली, 'काका, तुम्ही फक्त काकूंच्या मागे राहा, दुसरं काही करू नका.' मी म्हटलं, सराव आहे मला!

पण आवडलं हो. खोटं कशाला बोलू? कानात हेडफोन घातला की तिचा आवाज थेट कानात. 'या मागे. थांबा. खाली बसा.' आणि एका सरावाच्या खेळात काय झालं, डॉक्टर, पेंग्विन आणि झाकण गेले नदीपलीकडे, आणि आम्ही दोघंच बुरुजाच्या वरच्या मजल्यावर, पहारा देत. बराच वेळ कोणी आलंच नाही. पडद्यावर संध्याकाळ झालेली, लांब डोंगर, गवत हलतंय. तिचा शिपाई बसलेला, शेजारी माझा, पिशवी घेऊन. आणि कानात तिचा आवाज आला, हळू, 'काय हो, गप्प का?'

आता तुम्हाला सांगतो, हा प्रश्न तिनं मला लग्नानंतर कितीदा तरी विचारला असेल. पण तेव्हा समोर ती असायची, तिचे डोळे असायचे, आणि समोर माणूस असला की माझे शब्द आतच राहतात. इथे नुसता एक शिपाई. पाठमोरा. मी धीर केला. आणि बोललो! ऐका हं, मी बोललो! म्हटलं, 'तू आत जाऊन बसलीस ना, की मला इथे बरं वाटत नाही.'

एवढं बोललो आणि पडद्यावर बघतो तर ते चक्र! गोल गोल फिरणारं! नेट गेलं! वायरलेस! शिपाई थिजलेला, गवत थिजलेलं, डोंगर थिजलेले, आणि माझं वाक्य... माझं वाक्य किती पोचलं आणि किती राहिलं?

नेट परत आलं तेव्हा कानात नुसता हशा. डॉक्टर हसतोय, पेंग्विन हसतोय, झाकण म्हणतोय, 'काका, एकदम तोंडावर!' मला कळेना, यात हसण्यासारखं काय? आणि मग तिचा आवाज आला. थंड. 'कळलं. बसते मी आतच.'

अहो, काय पोचलं होतं माहितीये? 'तू आत जाऊन बसलीस ना, की मला इथे बरं वाटत...' बस्स! पुढचा 'नाही' गेला! 'वाटत' म्हणालो मी, अनुस्वाराशिवाय, पुढे 'नाही' येणार म्हणून! तिकडे 'नाही' आलाच नाही आणि सगळ्यांनी ऐकलं 'वाटतं'. अनुस्वारासकट! मला बरं वाटतं! ती आत असली की! दुसऱ्यांचे अनुस्वार तपासण्यात माझी नजर गेली, डोळ्यांवर एवढी जाड काच आली, आणि आयुष्यात एक वाक्य धड बोलायला गेलो तर त्यात एवढी मोठी चूक, आणि दुरुस्त करायला हातात पेन्सिल नाही!

पुढचा सगळा खेळ ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी मागे मागे, पिशवी घेऊन. तिला गोळी लागली, मी धावलो पट्टी बांधायला, ती पुढे निघून गेली. जखमी, तशीच. गेमात सुद्धा!

खेळ संपला. आतलं दार उघडलं. ती हॉलच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. डोळे लाल. स्क्रीनमुळे असतील, मी म्हटलं मनात. स्क्रीनमुळे नव्हते.

'मी आत असले की बरं वाटतं तुम्हाला?'

मी म्हटलं, 'नेट गेलं होतं.'

'नेट नंतर गेलं. बोललात ते आधी.'

'शेवटचं राहिलं.'

'शेवटचं काय?'

'नाही.'

'काय नाही?'

'नाही राहिलं.'

'काही राहिलं नाही, मग म्हणताय काय?'

बघा! आता आमचं नेट बरोबर चालू होतं, दोघं हाताच्या अंतरावर, मध्ये भिंत नाही, काही नाही, तरी पोचेना! मी उठलो. टेबलावरचा पेपर घेतला, पेन्सिल घेतली आणि जाहिरातीच्या कडेला कोऱ्या जागेत लिहिलं, 'बरं वाटत नाही'. 'नाही'च्या खाली दोन रेघा मारल्या आणि तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं. परत वाचलं. चष्मा पुसून वाचलं.

'असं होतं?'

मी मान हलवली.

'मग वायर टाकली तेव्हा का नाही बोललात?'

मी म्हटलं, 'ड्रिल मशीन चालू होतं.'

तिला हसू आलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. सोफ्यावर बसली. माझ्या शेजारी. मग माझ्या हातातला पेपर घेऊन घडी घालत म्हणाली, 'मी बघते काहीतरी.' एवढंच.

बघते काहीतरी! अहो, मला सकाळपर्यंत धीर निघेना. सकाळी बेल वाजली. दारात वायरवाला! शिडी, ड्रिल मशीन, सगळं! मला इतकं बरं वाटलं, मी स्वतः शिडी धरली त्याची. म्हटलं, वायर काढायला आलास ना बाबा, सावकाश काढ, रंग गेला तरी चालेल! टेबल धरू का? कंप्युटर आणू का बाहेर? मी तर सोफा थोडा सरकवूनही ठेवला, तिची हौसेची खुर्ची बसावी म्हणून.

तो म्हणाला, 'काढायची नाही काका, अजून एक टाकायचीये. काकूंचा फोन आला होता. इथे, सोफ्यापाशी, तुमच्या लॅपटॉपला.'

ही आतून पदराला हात पुसत आली, काय चेहरा फुललेला! म्हणाली, 'तुमचं शेवटचं राहून जातं ना, वायरलेसमुळे? आता एक अक्षर सुटणार नाही! मी डॉक्टरलाही विचारलं, तो म्हणाला, काकांना वायर द्याच!'

इतक्या मायेनं म्हणाली हो... इतक्या मायेनं, की त्यावर काय बोलणार? मी शिडी धरून उभा. घर्रर्र...

तर आता असं आहे. ती आत, तिच्या वायरीवर. मी बाहेर, माझ्या वायरीवर. संध्याकाळी बसलो की जेवणाच्या वेळेपर्यंत. आणि बोलते हो ती, खूप बोलते, तिकडून विचारते, गोळी घेतलीत का, पाय वर घेऊन बसा, आज दमलेले वाटता. मीही बोलतो. पूर्ण वाक्यं बोलतो, क्रियापदासकट! भिंतीपलीकडून, कानात, आवाज इतका स्वच्छ येतो, इतका स्वच्छ... डोळे मिटले ना, तर शप्पथ सांगतो, शेजारीच बसल्यासारखी वाटते!